एकेक जनुक गाळलेला ई. कोलाय: केइओ संग्रह वापरून पाहिल्यानंतर

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला जीवाणूंची हालचाल, बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून केलेला जीवाणूंचा थर) आणि रोगकारकता यांचे जनुकीय नियंत्रण शिकवताना फळ्यावर बाणांचे जाळे काढावे लागते. हे जनुक त्याला चालू करते, ते याला बंद करते, मध्येच एक छोटा रेणू येतो आणि सगळे उलटते. विद्यार्थी ते जाळे इमानेइतबारे वहीत उतरवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यातला एखादा बाण प्रत्यक्ष प्लेटवर दाखवता यावा या हेतूने आम्ही केइओ संग्रहातील निवडक 14 प्रकार मागवले. दोन शैक्षणिक वर्षे ते वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. जी महाविद्यालये अशीच खरेदी करण्याच्या विचारात आहेत, त्यांना पैसे आणि वेळ कुठे खर्च करावा आणि कुठे करू नये, एवढे यातून कळावे अशी अपेक्षा आहे.

प्रथम या संग्रहाविषयी. जपानमधील केइओ विद्यापीठाच्या त्सुरुओका येथील संस्थेत हिरोतादा मोरी यांच्या गटाने अमेरिकेतील बॅरी वॅनर यांच्या सहकार्याने ई. कोलाय के-12 या जीवाणूतील जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक करून काढून टाकले आणि 2006 मध्ये तो संच जगापुढे ठेवला. एकूण 4,288 जनुकांवर प्रयत्न झाले. त्यांपैकी 3,985 जनुकांचे म्युटंट मिळाले, आणि उरलेल्या 303 जनुकांवाचून हा जीवाणू बहुधा जगूच शकत नाही असा निष्कर्ष निघाला. काढलेल्या जनुकाच्या जागी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक बसवलेले असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अशा खुणा ठेवलेल्या असतात की नको असेल तेव्हा ते सहज कापून टाकता यावे. शेजारच्या जनुकांच्या वाचनात व्यत्यय येऊ नये अशा बेताने ही कापाकापी केलेली आहे. विशेष म्हणजे प्रत्येक जनुकाचे दोन स्वतंत्र म्युटंट ठेवलेले आहेत. हा दुसरा म्युटंट किती मोलाचा असतो, हे पुढे येईलच.

मागवण्याच्या प्रक्रियेत अडचण जपानकडून आली नाही, ती मधल्या टप्प्यावर आली. हा जनुकीय फेरफार केलेला जीव असल्याने महाविद्यालयाच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समितीपुढे कागदपत्रे ठेवावी लागली, हस्तांतरण करारावर प्राचार्यांची सही घ्यावी लागली, आणि हे सारे रीतसर असल्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. ज्या पुरवठादारामार्फत आम्ही हे प्रकार घेतले, त्याच्याकडे मात्र नळ्या तीन आठवडे पडून होत्या. आमच्या हाती आल्या तेव्हा एका नळीचे झाकण सैल होते आणि दुसरीतून काहीच वाढले नाही. मागवण्यापूर्वी नळ्या मधल्या मुक्कामी कोणत्या तापमानाला आणि किती दिवस राहतील, हे लेखी विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळतो. हालचाल दाखवायची असेल तर हा संग्रह अप्रतिम आहे. एक टक्का ट्रिप्टोन, अर्धा टक्का मीठ आणि केवळ 0.3 टक्के अगर घातलेले माध्यम प्लेटमध्ये ओतायचे, ते दह्यासारखे जेमतेम विरजले की निर्जंतुक टूथपिकने बरोबर मध्यभागी जीवाणू टोचायचे आणि प्लेट उलटी न करता 30 अंशांना ठेवायची. आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी पहिल्या दिवशी नेहमीच्या सवयीने सगळ्या प्लेट उलट्या केल्या आणि सगळे माध्यम झाकणात उतरले, म्हणून हे आवर्जून लिहितो. दहा ते बारा तासांत पोहणाऱ्या जीवाणूंचे वर्तुळ बाहेर सरकताना दिसते. नीट पाहिले तर त्यात एकात एक कडी असतात, कारण जीवाणू आधी एक अमिनो आम्ल संपवतात आणि त्याच्या शोधात बाहेर पडतात, मागे राहिलेले दुसरे संपवतात. या प्लेटमध्ये कॅनामायसिन घालू नये. ज्यातून हे सारे म्युटंट केले तो मूळ प्रकार बीडब्ल्यू 25113 त्याला बळी पडतो आणि तुलनाच संपते.

एफएलएच-डी, फ्लाय-सी, मॉट-ए आणि सीएचई-वाय या चार जनुकांचे म्युटंट मूळ प्रकाराशेजारी ठेवले की संपूर्ण तास त्यावर निघतो. चौघांपैकी कोणाचेही वर्तुळ नीट पसरत नाही, आणि पहिल्या नजरेला विद्यार्थी म्हणतात की चारही ‘पोहत नाहीत’. मग थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे. एफएलएच-डी नसलेल्या जीवाणूत कशाभिका, म्हणजे पोहण्याचे शेपूट, बांधण्याचा हुकूमच निघत नाही. फ्लाय-सी नसलेल्यात तळाचे यंत्र असते, पण शेपटाचे प्रथिन नसते. मॉट-ए नसलेल्यात शेपूटही असते, मात्र ते फिरवणारी मोटर पांगळी असते. हे तिघेही पाण्यातल्या कणांसारखे जागीच थरथरतात. सीएचई-वाय नसलेला जीवाणू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सुसाट, सरळ रेषेत धावत असतो! गिरकी घेऊन दिशा बदलणे त्याला जमत नाही, त्यामुळे अगरच्या जाळीत तो बोळात शिरलेल्या ट्रकसारखा अडकतो. पसरण्यासाठी गिरकी आवश्यक असते हे वुल्फ आणि बर्ग यांनी 1989 मध्ये दाखवले होते, परंतु वर्गातल्या कोणालाही ते इतक्या सहज पटलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

या चार प्लेटवरून नियंत्रणाची उतरंडही शिकवता येते. एफएलएच-डी आणि एफएलएच-सी यांचे प्रथिन मिळून पहिला हुकूम देतात. त्या हुकुमाने कशाभिकेचा पाया आणि आकडा (पाया व शेपूट जोडणारा वाकडा, पोकळ भाग) बांधला जातो, आणि त्याच वेळी फ्लाय-ए हा पुढचा मुकादम व त्याला धरून ठेवणारे एफएलजी-एम हे प्रथिन तयार होते. आकडा पुरा झाला की एफएलजी-एम त्याच पोकळ नळीतून पेशीबाहेर टाकले जाते, फ्लाय-ए मोकळा होतो आणि मगच शेपटाच्या प्रथिनाचे उत्पादन सुरू होते. पाया झाल्याशिवाय कळसाचा दगड घडवायला घ्यायचाच नाही, अशी ही व्यवस्था आहे. केली ह्यूज आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलामध्ये हे 1993 मध्ये उलगडले. केइओ संग्रहातील एफएलजी-एमचा म्युटंट मागवून ही पायरी दाखवावी असे आम्हाला वाटले होते. तो मागवलाही, पण साध्या प्लेटवर त्याचा फरक डोळ्यांना जाणवण्याइतका दिसत नाही. तेवढे पैसे वाया गेले असे समजावे.

याच टप्प्यावर आमची पहिली फजिती झाली. एफएलएच-डी गाळलेला म्हणून आलेल्या एका नळीतील जीवाणू मजेत पोहत होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार. तो कॅनामायसिनवर वाढत होता, त्यामुळे मूळ प्रकार चुकून आला असेही म्हणता येईना. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढून तो तपासण्याची पद्धत) केल्यावर एफएलएच-डी शाबूत निघाले. म्हणजे नळीत दुसऱ्याच कोणत्या तरी जनुकाचा म्युटंट होता, आणि आमच्या मते ही अदलाबदल मधल्या हाताळणीत झाली असावी. 96 खळग्यांच्या प्लेटमधून प्रती काढताना शेजारच्या खळग्याचा थेंब उडणे ही जुनीच व्यथा आहे. पुरवठादाराने दोन महिन्यांनी बदली नळी दिली. तोपर्यंत आमचे काम त्याच जनुकाच्या दुसऱ्या, स्वतंत्र म्युटंटने निभावले. तो आम्ही केवळ शंकेखोर स्वभावामुळे सोबत मागवला होता. संग्रहकर्त्यांनी स्वतः 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुरवणीतही काही म्युटंटमध्ये गाळलेल्या जनुकाची एक प्रत दुसरीकडे शिल्लक राहिल्याचे नमूद केलेले आहे. त्यामुळे नळी आली की आधी पीसीआर आणि मग प्रयोग, हा क्रम पाळायलाच हवा.

दुसरी गोष्ट मात्र सर्वस्वी आमच्या हलगर्जीपणाची होती, आणि तिनेच आम्हाला सर्वाधिक शिकवले. गौरी-गणपतीच्या सुट्टीआधी मूळ प्रकाराच्या द्रव माध्यमातील नळ्या तशाच रॅकवर राहिल्या. सुट्टीनंतर एका विद्यार्थिनीने त्यातूनच प्लेट टोचल्या. मूळ प्रकार तसा संथ पोहणारा, पण या वेळी वर्तुळ नेहमीच्या दुपटीने मोठे झाले आणि एका प्लेटवर तर तव्यावरच्या घावनाची एक बाजू ओघळावी तसा एकीकडे फुगवटा आला. ‘सर, प्लेटची अदलाबदल झाली असेल,’ असे ती म्हणाली. मलाही तसेच वाटले. परंतु त्या फुगवट्याच्या टोकावरचे जीवाणू वेगळे वाढवून एफएलएच-डी जनुकाच्या अलीकडच्या नियंत्रक भागाचा पीसीआर केला, तेव्हा डीएनएचा पट्टा अपेक्षेपेक्षा सुमारे 1,200 बेसजोड्यांनी मोठा आला. आयएस-5 नावाचा उडता डीएनए-तुकडा जवळपास एवढ्याच लांबीचा असतो. तो या भागात येऊन बसला की कशाभिकेच्या मुख्य जनुकावरचा अंकुश ढिला होतो आणि जीवाणू जोरात पोहू लागतो, हे के-12 च्या इतर वाणांमध्ये 2004 पासून नोंदलेले आहे. न हलवता ठेवलेल्या द्रव माध्यमात असे बदल झालेले जीवाणू झपाट्याने वरचढ होतात, हेही आता माहीत झाले आहे.

याचा अर्थ गंभीर आहे. एखाद्या संशोधकाने या संग्रहातील हजारो म्युटंट प्लेटवर टोचले आणि त्यांतले शंभर जास्त पोहताना दिसले, तर त्या शंभरांतील काहींचे श्रेय गाळलेल्या जनुकाला न देता मधल्या काळात कोठेतरी बसलेल्या या तुकड्याला द्यावे लागेल. लेबल फक्त एवढेच सांगते की अमुक जनुक नाही. बाकी सारे जसेच्या तसे आहे अशी हमी ते देत नाही. हालचालीच्या प्रयोगात हा धोका इतर गुणांपेक्षा जास्त आहे, कारण पोहता येणे हा प्रयोगशाळेच्या नळीत कधी लाभाचा तर कधी निव्वळ खर्चाचा मामला असतो आणि निवड सतत चालू असते. उपाय जुनाच आहे. पी-1 या विषाणूमार्फत म्युटंटमधील कॅनामायसिनची खूण ताज्या मूळ प्रकारात न्यायची आणि गुण तिच्याबरोबर येतो का ते पाहायचे. आम्ही हे एलआरएच-ए या जनुकाच्या बाबतीत केले. ते एफएलएच-डी-सी या जोडीला दाबते, म्हणून ते नसलेला जीवाणू जास्त पोहायला हवा, आणि खूण ताज्या प्रकारात नेल्यावरही तो तसाच पोहला. तेव्हा कुठे तो निष्कर्ष वहीत लिहू दिला.

बायोफिल्मच्या बाबतीत माझे मत इतके उत्साहाचे नाही. प्रयोगाची पद्धत सोपी आहे. 96 खळग्यांच्या पॉलिस्टायरीन प्लेटमध्ये जीवाणू 24 तास न हलवता वाढवायचे, पाणी ओतून मोकळे जीवाणू धुऊन काढायचे, चिकटलेल्यांना 0.1 टक्का क्रिस्टल व्हायोलेटने दहा-पंधरा मिनिटे रंगवायचे, पुन्हा धुवायचे आणि उरलेला जांभळा रंग 30 टक्के अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून त्याची घनता मोजायची. अडचण अशी की बीडब्ल्यू 25113 स्वतःच बायोफिल्म करण्यात कमजोर आहे. ज्याच्याकडे मुळात दहा रुपये आहेत त्याचे पाच गेले की नाही हे थरथरत्या हाताने मोजण्यासारखे ते होते. आमच्याकडे एकाच प्रकाराच्या आठ खळग्यांतील आकडे इतके वरखाली झाले की दोन विद्यार्थ्यांचे आलेख एकमेकांच्या नेमके उलट आले. धुताना पाण्याची धार खळग्यात थेट सोडायची नाही, प्लेट पाण्याच्या तबकात अलगद बुडवायची, हे कळल्यावर परिस्थिती सुधारली, तरी ती समाधानकारक म्हणता येणार नाही.

त्याऐवजी काँगो रेड या रंगद्रव्याची प्लेट करावी असे मी सुचवेन. मीठ न घातलेल्या माध्यमात काँगो रेड मिसळून 28 अंशांना दोन दिवस ठेवले की कर्ली नावाचे तंतू करणारे जीवाणू लालसर, कोरड्या वसाहती देतात. त्या तंतूंसाठी लागणारी सीएसजी-डी किंवा सीएसजी-ए ही जनुके नसलेल्यांच्या वसाहती फिक्या आणि ओलसर राहतात. हाच प्रयोग 37 अंशांना केला तर हा फरक जवळजवळ पुसला जातो. तापमान हे नियंत्रणाच्या जाळ्यातील एक बाण आहे, हे इथे डोळ्यांनी दिसते. मॅनोज साखरेला चिकटणारे प्रथिन बनवणाऱ्या फिम-एच जनुकासाठी तर यंत्रच लागत नाही. बेकरीच्या यीस्टचा द्राव काचपट्टीवर घेऊन त्यात जीवाणू मिसळले की मूळ प्रकारात दही फुटल्यासारख्या गुठळ्या होतात, फिम-एच नसलेल्यात होत नाहीत, आणि थोडी मॅनोज साखर घातली की मूळ प्रकारातल्याही होत नाहीत. मात्र त्यासाठी जीवाणू न हलवता द्रव माध्यमात वाढवावे लागतात, आणि तेच करताना वर सांगितलेला पोहण्याचा घोटाळा ओढवतो. एका प्रयोगासाठी वाढवलेली नळी दुसऱ्यासाठी वापरू नये.

या साऱ्या संचात मला सर्वांत मोलाचा वाटलेला म्युटंट पीडीई-एचचा आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहितो. जीवाणूने पोहायचे की चिकटून घर करायचे, या निर्णयात सायक्लिक-डाय-जीएमपी हा छोटा रेणू मध्यवर्ती असतो. त्याचा शोध जेरुसलेममध्ये मोशे बेन्झिमन यांच्या गटाला 1987 मध्ये लागला, तोही सेल्युलोज तयार करणाऱ्या एका वेगळ्याच जीवाणूत. हा रेणू वाढला की जीवाणू चिकटण्याच्या तयारीला लागतो आणि घटला की पोहतो. पीडीई-एच हे जनुक तो रेणू मोडणारे प्रथिन बनवते. ते काढले की रेणू साचतो, वायसीजी-आर हे प्रथिन त्याला धरते आणि कशाभिकेच्या मोटरवर ब्रेकसारखे जाऊन बसते. प्लेटवर पीडीई-एच म्युटंटचे वर्तुळ मूळ प्रकाराच्या निम्म्याहून लहान येते. येथवर कोणीही दाखवील. पण कॅनामायसिनची खूण काढून टाकून त्याच जीवाणूतून वायसीजी-आरही पी-1 च्या मदतीने गाळले, की वर्तुळ पुन्हा मोठे होते. दोन जनुके गमावलेला जीवाणू एक गमावलेल्यापेक्षा चांगला पोहतो, हे पाहताना वर्गात जी शांतता पसरली तिच्यासाठी मधल्या पुरवठादाराचे तीन आठवडे मी माफ करायला तयार आहे. खूण काढण्यासाठी लागणारा पीसीपी-20 प्लाझ्मिड (डीएनएचे सुटे वर्तुळ) 30 अंशांना वाढवून नंतर तापमान चढवून घालवावा लागतो. आमचे इनक्युबेटर एका दुपारी भारनियमनात बंद पडले आणि तो टप्पा पुन्हा करावा लागला, एवढीच खंत.

रोगकारकतेविषयी मात्र अपेक्षा ठेवू नये. के-12 हा 1922 मध्ये स्टॅनफर्ड येथे घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या रुग्णाच्या विष्ठेतून घेतलेला जीवाणू आहे. तो इतकी दशके प्रयोगशाळेत राहून पाळीव झाला आहे. पृष्ठभागावरील ओ-अँटिजेनची लांब साखळी त्याला करता येत नाही, मूत्रमार्गाला चिकटणारे पी प्रकारचे तंतू त्याच्याकडे नाहीत, विषे तर नाहीतच. मूत्रमार्गाच्या संसर्गात ई. कोलाय चिकटण्याची वेळ आली की कशाभिका कशी आवरती घेतो, हे सीएफटी-073 सारख्या रोगकारक वाणातच पाहायला हवे. तसेच स्युडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या जीवाणूच्या पीए-14 वाणाचा म्युटंट संच 2006 मध्येच उपलब्ध झाला असून त्यात 4,596 जनुकांवर घाव घातलेले आहेत. त्या जीवाणूत एफएलई-क्यू हे एकच प्रथिन कशाभिका आणि बायोफिल्मची जनुके अशा दोन्ही बाजूंना हात घालते, हे समजावून सांगण्यासारखे आहे. पण तो इस्पितळांतला संसर्ग करणारा जीव आहे. ज्या महाविद्यालयात हातमोजे सत्राच्या शेवटी संपतात आणि जैवसुरक्षा कपाटात रजिस्टर ठेवलेली असतात, तिथे त्याचे नावही काढू नये. आमच्याकडे कपाटात रजिस्टर नाहीत, तरीही आम्ही तो मागवलेला नाही.

साठवणुकीबद्दल दोन शब्द. संग्रहातील प्रकार ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांना ठेवायचे असतात. आमच्याकडे उणे 20 चेच शीतकपाट आहे, म्हणून जवळच्या संशोधन संस्थेतील एका सहृदय सहकाऱ्याने जागा दिली आहे. दर सत्राला आम्ही तिथून बर्फावर एक नळी आणतो, कॅनामायसिनच्या प्लेटवर रेघा ओढतो, एकेक वसाहत घेऊन पीसीआर करतो आणि सत्र संपले की सारे ऑटोक्लेव्हमध्ये घालतो. जुनी प्लेट शीतपेटीत ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही, असा नियम दारावर चिकटवला आहे.

किंमत आणि उपयोग यांचा मेळ पाहता संपूर्ण संग्रह घेणे अध्यापनासाठी अनावश्यक आहे. मूळ प्रकार बीडब्ल्यू 25113, एफएलएच-डी, मॉट-ए, सीएचई-वाय, सीएसजी-डी, फिम-एच, पीडीई-एच आणि वायसीजी-आर, एवढे आठ प्रकार, प्रत्येक म्युटंटचे शक्य असल्यास दोन्ही नमुने, आणि त्यांच्या पीसीआरसाठी लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) ही खरेदी मी निःशंकपणे सुचवेन. फ्लाय-सी आणि एलआरएच-ए नंतर घेतले तरी चालतील. ज्यांना हजारो म्युटंटमधून नवीन जनुक शोधायचे आहे त्यांनी मूळ प्रकाराच्याच वीस-पंचवीस वेगळ्या वसाहती आधी प्लेटवर टोचून त्यांची वर्तुळे किती वेगवेगळी येतात ते मोजावे. आमच्याकडच्या चोवीस वर्तुळांपैकी तीन सरळसरळ मोठी होती, आणि त्या तिघांच्या नळ्यांवर आता लाल शाईने ‘गणपती’ असे लिहून ठेवले आहे.